फ्रीझरच्या दारापासून ताऱ्यांपर्यंत: उष्णता कुठून कुठे जाते

सहा प्रश्न एकदम आले आहेत. फ्रीझरचं दार लावल्याबरोबर पुन्हा उघडायला गेलं तर ते चिकटल्यासारखं का होतं? मायक्रोवेव्हमधून काढलेला पदार्थ कडेला चटका देतो आणि मध्ये गारच का असतो? उंच इमारतींना फिरती दारं कशासाठी? कडाक्याच्या थंडीत चार्जिंग शिल्लक असताना मोबाइल बंद का पडतो? ढगाळ रात्रीपेक्षा निरभ्र रात्री जास्त का गारठतं? आणि तारे लुकलुकतात तसे ग्रह का लुकलुकत नाहीत? शेवटी अशी सूटही दिली आहे की यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, जमतील तेवढ्यांची उत्तरं द्या.

संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. माझं काम शीतगृहं आणि मोठ्या इमारतींचं वातानुकूलन यांतलं. या धंद्यात शिरलं की सगळ्यांत आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्यावी लागते: गारवा नावाची वस्तू नसते. तो बनवता येत नाही आणि फटीतून आतही येत नाही. असते ती उष्णता, आणि ती आपण होऊन गरमाकडून गाराकडेच जाते. वाटा तीन, शाळेत शिकलो त्याच: वहन, अभिसरण आणि प्रारण. तुमच्या सहाही प्रश्नांत एवढंच पाहायचं, की उष्णता कुठून कुठे निघाली आहे आणि तिची वाट कोणी मोकळी केली किंवा अडवली.

आधी फ्रीझर, कारण त्यात आकडेमोड करून पाहण्यात मजा आहे. दार उघडलं की आतली गार, जड हवा खालून ओघळून बाहेर पडते आणि तिची जागा खोलीतली हवा घेते. ती 27 अंश सेल्सियसची, म्हणजे 300 केल्विनची धरू. दार लावलं, चुंबकी रबर चौकटीला बसलं, आणि उणे 18 अंशांच्या कप्प्यात ही हवा झपाट्याने गार व्हायला लागली. बंदिस्त हवेचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे हवा नुसती 3 अंशांनी उतरली तरी दाब एक टक्क्याने घसरला. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण बाहेर वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 1,01,000 न्यूटन आहे, त्याचा एक टक्का झाला जवळपास 1,000 न्यूटन. दार अर्ध्या चौरस मीटरचं असेल तर त्यावर बाहेरून 500 न्यूटन, म्हणजे साधारण 50 किलो वजनाइतका रेटा आला. मूठ बिजागरीच्या विरुद्ध कडेला असते, म्हणून तुम्हाला त्याच्या निम्माच जोर लावावा लागतो. पण 25 किलोही काही कमी नाही. प्रत्यक्षात रबराच्या बारीक फटींतून आणि पाणी निचऱ्याच्या भोकातून हवा हळूहळू आत झिरपते, म्हणून मिनिटभर थांबलात की दार मुकाट्याने उघडतं. नेहमी चिकटणारं दार एखाद्या दिवसापासून लावल्या लावल्या सहज उघडायला लागलं, तर खूश होऊ नका, रबर तपासा.

खोलीएवढ्या फ्रीझरमध्ये हाच प्रकार गमतीचा राहत नाही. तिथे भिंती म्हणजे फोम भरलेले पत्र्याचे पॅनेल. दार बराच वेळ उघडं राहून मग घट्ट लागलं, की आतला दाब घसरतो आणि बाहेरची हवा अख्ख्या भिंतीला आत रेटते. पॅनेल वाकू शकतात. म्हणून अशा खोल्यांना हवेचा दाब सारखा करणारी छोटी झडप बसवतात, आणि त्या झडपेला चक्क हीटर लावतात. नाहीतर बाहेरच्या हवेतली वाफ तिच्यावरच गोठते आणि झडप बर्फाने बुजते. उणे तापमानाच्या खोलीत मुद्दाम लावलेला हीटर पाहिला की नवखे हटकून विचारतात की हा इथे कशाला.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. तुमच्या फ्रिजच्या आत रात्रंदिवस काहीतरी उकळत असतं. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन नावाचा वायू असतो. वातावरणाच्या दाबाला तो सुमारे उणे 12 अंशांनाच उकळतो, आणि दाब आणखी कमी केला तर त्याहूनही खाली. उकळायला लागणारी उष्णता तो आतल्या कप्प्यातून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, दाबल्यावर ती गरम होते आणि मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांमध्ये उष्णता सोडून पुन्हा द्रव बनते. फ्रिजच्या बाजू गरम लागतात त्या यामुळेच. म्हणून फ्रिजचं दार उघडं टाकून खोली गार करता येत नाही. आतून काढलेली उष्णता त्याच खोलीत, वर मोटरने खाल्लेल्या विजेची भर. खोली तापते.

दाब बदलला की उकळण्याचं तापमान बदलतं, हेच प्रेशर कुकरचंही तत्त्व. वातावरणाच्या दुप्पट दाबाला पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर मात्र ते 70 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, आणि तिथे कितीही खळखळ उकळी आणा, बटाटा शिजता शिजत नाही. पदार्थ शिजतो तो तापमानाने, बुडबुड्यांनी नाही. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुकरचा पूर्वज 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. सुरक्षा झडपेची कल्पनाही त्याचीच.

मायक्रोवेव्हबद्दल एक समज फार पसरला आहे, की तो पदार्थ आतून बाहेर शिजवतो. तसं असतं तर तुमचा प्रश्नच उरला नसता. त्याच्या लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर शिरेपर्यंत बऱ्याचशा शोषल्या जातात. गाभ्यापर्यंतचा पुढचा प्रवास उष्णतेला वहनाने, पायीपायी करावा लागतो. शिवाय आतल्या धातूच्या भिंतींवर आपटून लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही जागी जोर धरतात, काही जागी जवळपास नाहीशा होतात. घरगुती यंत्राची वारंवारता 2.45 गिगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर, आणि जास्त तापणाऱ्या दोन जागांमधलं अंतर साधारण त्याच्या निम्मं. फिरती थाळी असते ती यासाठी. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर थाळी न फिरवता चॉकलेटची मोठी सपाट वडी आत ठेवा आणि थोडेच सेकंद यंत्र चालू करा. वितळलेले ठिपके उमटतात. शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा, दुप्पट करा, वारंवारतेने गुणा. उत्तर प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास येतं. स्वयंपाकघरात प्रकाशाचा वेग मोजायची यापेक्षा स्वस्त सोय मला माहीत नाही.

गोठलेल्या पदार्थात आणखी एक भानगड आहे. बर्फ या लहरी फारशा शोषत नाही, पाणी भरपूर शोषतं. एका कोपऱ्यात थोडा बर्फ वितळला की तोच कोपरा अधिकाधिक तापत जातो आणि शेजारचा भाग दगडासारखा राहतो. डीफ्रॉस्टचं बटण बहुतेक यंत्रांत एवढंच करतं, की लहरी थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. बंद असतानाच्या वेळात उष्णता पसरते. त्यामुळे गरम झालेला पदार्थ काढल्यावर झाकून दोन मिनिटं ठेवणं हा वेळेचा अपव्यय नाही. तेव्हाच मधला भाग गरम होत असतो. आणि पदार्थ ताटात ढीग करून ठेवण्यापेक्षा मधली जागा रिकामी ठेवून कडेने गोल मांडा.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर मिरचीचं सांगतो. तिखट ही चव नाही. आपल्या जिभेत आणि त्वचेत एक तापमापक प्रथिन असतं, ते साधारण 43 अंशांच्या वर भाजल्याची सूचना मेंदूला पाठवतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तेच प्रथिन तापमान न वाढवता चालू करतं. हे शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 सालचं वैद्यकाचं नोबेल आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे मिरची खाऊन घाम फुटतो तेव्हा शरीर खोट्या गजरावर अग्निशमन दल पाठवत असतं.

आता इमारती. हा माझा रोजचा विषय, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

200 मीटर उंचीची इमारत घ्या. बाहेर उणे 10 अंश, आत 22. आतली गरम हवा हलकी असते, म्हणून ती लिफ्टच्या शाफ्टमधून आणि जिन्यांमधून वर चढते आणि वरच्या मजल्यांच्या फटींतून निसटते. तेवढीच हवा तळमजल्यावर बाहेरून ओढली जाते. आमच्यात याला स्टॅक इफेक्ट म्हणतात. अख्खी इमारत धुराड्यासारखी वागते. हिशेब केला तर तळाला आणि माथ्याला प्रत्येकी सुमारे 140 पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला 140 न्यूटन, दाबाचा फरक पडतो. तळमजल्यावर दोन चौरस मीटरचं साधं दार लावलंत तर त्यावर जवळपास 30 किलो वजनाइतका रेटा. बाहेर उघडणारं असेल तर म्हाताऱ्या माणसाला ते ओढताच येणार नाही, आणि आत उघडणारं असेल तर कडी निघाल्याबरोबर अंगावर येईल.

फिरत्या दाराची करामत इथे दिसते. मधल्या खांबाला चार फळ्या. वारा एका बाजूच्या फळीला जेवढा आत ढकलतो तेवढाच दुसऱ्या बाजूच्या फळीलाही, आणि दोन्ही ढकलण्यांचा फिरवण्याचा परिणाम परस्परविरुद्ध दिशेने होतो. बेरीज शून्य. दाबाचा फरक कितीही असला तरी लहान मूलही ते दार फिरवू शकतं, आणि दाराचा एक ना एक भाग कायम बंद असल्यामुळे हवेला सरळ वाट मिळतच नाही. फिलाडेल्फियाच्या थिऑफिलस व्हॅन कॅनेल यांनी 1888 साली याचं पेटंट घेतलं. शेजारी साधं दार असूनही "कृपया फिरतं दार वापरा" अशी पाटी दिसते, ती शोभेची नसते. साधं दार दर वेळी उघडलं की धुराड्याचं तोंड उघडतं.

उष्ण हवेच्या ठिकाणी वातानुकूलित मनोऱ्यात हेच चक्र उलटं फिरतं. आतली गार, जड हवा खाली ओघळून तळमजल्यातून बाहेर पडते आणि वरच्या मजल्यांत बाहेरची गरम, दमट हवा शिरते. मग भिंतींच्या आत पाणी धरायला लागतं, आणि तक्रार मात्र येते ती एसी बरोबर नसल्याची. लिफ्टच्या दारातून शिट्टीसारखा आवाज येणं किंवा दार लागता लागता अडणं हेही अनेकदा याचंच लक्षण असतं. आधी लिफ्टवाल्याला बोलावतात, त्याला काही सापडत नाही, मग आम्हाला.

इमारती उष्णतेने वाढतातही. पॅरिसच्या आयफेल टॉवरबद्दल सांगतात ते खरं आहे. घडीव लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे 12 दशलक्षांश भागाने वाढतं. 300 मीटर उंची आणि हिवाळा-उन्हाळ्यात लोखंडाच्या तापमानात 40 अंशांचा फरक धरला, तर गुणाकार 14 सेंटिमीटरच्या वर जातो. उन्हाकडची बाजू जास्त वाढत असल्यामुळे टोक सूर्यापासून किंचित दूर कलतंही. माझ्या मते मात्र यापेक्षा मोठं आश्चर्य काँक्रीटच्या प्रत्येक खांबात दडलेलं आहे: पोलाद आणि काँक्रीट हे दोन पूर्ण वेगळे पदार्थ उष्णतेने जवळपास सारखेच प्रसरण पावतात. हा निव्वळ योगायोग. तसं नसतं तर पहिल्या काही ऋतूंतच सळ्यांनी काँक्रीट आतून फोडलं असतं, आणि आज आपण ओळखतो ती शहरं उभीच राहिली नसती.

मोबाइलचं उत्तर थोडक्यात. लिथियम-आयन बॅटरीत आयन एका टोकाकडून दुसरीकडे द्रवातून जातात. थंडीत हा द्रव घट्ट होतो, रासायनिक क्रिया मंदावतात आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा चालू केला, विजेची मागणी एकदम वाढली, की व्होल्टेज किमान मर्यादेखाली कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. चार्ज कुठे गेलेला नसतो. खिशात ऊब द्या, टक्के परत दिसतात. पण शून्याखाली गार असलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका; तेव्हा लिथियम धातूच्या रूपात आत साचू शकतं आणि ते नुकसान कायमचं. खरं तर थंडी बॅटरीला तात्पुरती पंगू करते आणि उष्णता तिचं आयुष्य खाते. उन्हात उभ्या गाडीत राहिलेल्या फोनची काळजी जास्त करा.

निरभ्र रात्रीचा प्रश्न सगळ्यांत सुंदर आहे. रात्री जमीन तापमानानुसार अवरक्त किरणं आकाशाकडे सोडत राहते. ढग असतील तर ते ही किरणं शोषतात आणि स्वतःची तशीच किरणं खाली पाठवतात, म्हणून देवाणघेवाण जवळपास बरोबरीत सुटते. आकाश स्वच्छ आणि हवा कोरडी असेल तर 8 ते 13 मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात वातावरण बरंचसं पारदर्शक असतं, आणि त्या खिडकीतून उष्णता थेट अवकाशात निघून जाते. अवकाशाचं तापमान 2.7 केल्विन, म्हणजे उणे 270 अंश. 

हे स्वतः पाहता येतं. पिस्तुलासारखा दिसणारा अवरक्त थर्मामीटर असतो ना, तो रात्री सरळ डोक्यावर रोखा. स्वच्छ आकाशात उणे 20, उणे 30, फार कोरड्या हवेत त्याहूनही खालचा आकडा दिसतो. आता तोच हळूहळू क्षितिजाकडे झुकवत आणा. आकडा चढत जातो, कारण मधे हवेचा आणि वाफेचा थर जाड होत जातो. मधेच एखादा जाड ढग आला की आकडा झपकन वर उडी मारतो. (दिवसा करणार असाल तर सूर्याच्या दिशेने रोखू नका.)

गाडीच्या टपावर दव किंवा हिम साचतं आणि झाडाखाली उभ्या गाडीवर साचत नाही, याचंही उत्तर यात आलं. टप आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षाही गार होतो. हवा शून्याच्या वर असतानाही त्यावर हिम धरू शकतं. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी हे 1814 साली लोकरीचे पुंजके वजन करून दाखवलं. एक पुंजका फळीच्या वर, एक फळीच्या खाली, आणि सकाळी तराजू. वरचा जास्त ओला. दव पडतं असं आपण म्हणतो खरं, पण ते वरून पडत नाही, गार झालेल्या पृष्ठभागावर जागच्या जागी जमतं.

हीच युक्ती आता इमारतींच्या छपरांवर आणायचे प्रयत्न चालू आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने 2014 साली असा थर दाखवला, जो सूर्यप्रकाश परतवतो आणि 8 ते 13 मायक्रॉनमध्ये जोमाने उत्सर्जन करतो. भर उन्हात, वीज न वापरता, तो आसपासच्या हवेपेक्षा सुमारे 5 अंश गार राहिला. आमच्या धंद्याला कधीतरी याची झळ लागेल असं मला वाटतं, पण दमट हवेत ही खिडकी अर्धवट मिटते, त्यामुळे कॉम्प्रेसर इतक्यात भंगारात जाणार नाहीत.

25 डिसेंबर 2021 रोजी निघालेली जेम्स वेब दुर्बीण याच मार्गाने गार राहते. पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, पाच पदरी पडद्याच्या सावलीत, आरसे आपली उष्णता काळ्या आकाशात सोडत उणे 220 अंशांच्या आसपास जातात. एका उपकरणाला तेवढंही पुरत नाही, त्याला 7 केल्विनच्या खाली राहावं लागतं. म्हणून त्याच्यासाठी हेलियमवर चालणारं शीतयंत्र सोबत धाडलं आहे. दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही असा फ्रिज. आम्ही दोन वर्षांची वॉरंटी देताना घाम पुसतो.

राहिले तारे. गरम हवा गार हवेपेक्षा प्रकाश थोडा कमी वळवते. आकाशात वेगवेगळ्या तापमानाच्या हवेचे पुंजके सतत सरकत असतात, आणि ताऱ्याचा किरण दर क्षणी थोडा इकडे, थोडा तिकडे वळतो. तारा इतका दूर की तो आपल्याला निव्वळ बिंदू. किरण जरासा हलला की ताऱ्याची चमक लगेच कमीजास्त होते. ग्रह मात्र लहान का होईना, तबकडी असते. तिच्या एका भागाचा प्रकाश क्षणभर घटतो तेव्हा दुसऱ्या भागाचा वाढलेला असतो, आणि सरासरीने ग्रह शांत दिसतो. क्षितिजाजवळ हवेचा थर फार जाड असल्यामुळे तिथे शुक्रही थरथरताना दिसू शकतो, आणि व्याधाचा तारा तर लाल, निळा, हिरवा असे रंग फेकतो. तो उडती तबकडी नसतो.

दुर्बीण घेणार असाल तर एवढं करा: घरातून बाहेर आणल्यावर निदान अर्धा-पाऊण तास ती नुसती ठेवून द्या. गरम आरशावरून उठणारी हवा नळीच्या आतच ताऱ्यांना नाचवते, आणि दोष भिंगाला दिला जातो. दिवसभर तापलेल्या गच्चीच्या किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटच्या वरून पाहू नका; शेजाऱ्याचं युनिट असेल तर दुर्बिणीची जागा बदला.